व्हय म्हाराजा

वाटाघाटीत मी आजवर कुणापुढे हरले नाही. विक्रोळीच्या चाळीत एका स्टोव्हवर सुरुवात करून मी कारखान्यातल्या कामगारांचे डबे पोचवू लागले, ते भाव करण्याच्या जोरावर. माझ्या वतीने दुसऱ्या कुणी व्यवहार केला तो एकदाच, आणि त्याने मला बुडवलं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मे महिन्यात आम्ही गावी, मालवणकडे गेलो होतो. तिथे मुलाला टायफॉइड झाला. ताप उतरेना, तेव्हा माझे थोरले दीर आम्हा सगळ्यांना देवळात घेऊन गेले. आमच्याकडे घरातल्या वडीलधाऱ्याने देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, असा रिवाज आहे. कोण नीट ऐकतं? सवयीने तोंडातून होकार जातो.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक बरा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्येची आवस वरसभर मासो, मटान, अंडा, दूध, तूप, जनावराचा म्हणान काय्येक त्वांडाक लावची नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांबरोबर मीही म्हणाले. माझं सगळं लक्ष मांडीवरच्या तापलेल्या पोराकडे होतं. लेकराची आवस म्हणजे मीच, आणि काय कबूल केलं, ते पायऱ्या उतरताना कळलं.

"भावोजी, मासे ठीक आहे. दूध कशाला घातलंत मध्ये? चहासुद्धा गेला माझा!"

"आपणाक लागला नाय तर तो नवस कसलो गे?"

मी गाऱ्हाणं घातलं असतं तर नुसत्या मटणावर देवाला राजी केलं असतं. मटण मला तसंही आवडत नव्हतं. पण मुलगा बरा झाला. देव त्याच्या शब्दाला जागला, आता पाळी माझी होती.

मुंबईत परतले ती नवसाच्या पिंजऱ्यातच. रोज सकाळी दारात कोळीण यायची, मी भांडून बांगडे घ्यायचे, आमटी शिजवायचे आणि मीठ चाखायला शेजारणीला हाक मारायचे. कोळीण वैतागायची. "खायचं नाय तर येवढा भाव करून माझा जीव कशाला काढतेस गं?"

मला तेव्हा वाटायचं, मासे आणि दूध गेलं की उरतं काय? भात, लोणचं आणि कोरा चहा. दिवाळीपर्यंत केस गळायला लागले, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. एकदा डबे भरता भरता खाली बसले ती उठताच येईना. नाक्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या.

"बाई, तुम्ही जे करताय त्याला नवस नाही, उपासमार म्हणतात. गावाकडे तुमच्या आज्या रोज मासे खात होत्या का?"

नव्हत्या. पावसाळ्यात तर महिनोन्महिने नाहीत. डॉक्टरांनी समजावलं, ताटात रोज डाळ नाहीतर कडधान्य हवंच, नाचणी आणि तीळ हवेत, पालेभाजी हवी, तिच्यावर लिंबू हवं. एक जीवनसत्त्व मात्र या जेवणातून मिळणार नाही, त्याचं इंजेक्शन घ्यावं लागेल. मी इंजेक्शनावरही घासाघीस केली. ते म्हणाले, "हा काय भाजीबाजार आहे?" आणि सुई टोचली.

मग मी माझ्यासाठी वेगळं शिजवायला लागले. कुळथाची पिठी, मोड आलेल्या चवळीची उसळ, काळ्या वाटाण्यांचं सांबारं, नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, नारळाच्या दुधाची सोलकढी. हळूहळू अंगात जीव आला. तोंडाला मात्र समाधान नव्हतं. बांगडा तव्यावर पडला की मी खिडकीशी जाऊन उभी राहायचे.

वर्ष सरलं. नवस सोडवायलाही गाऱ्हाणंच लागतं, आणि तेही घरातल्या वडीलधाऱ्यानेच घालायचं. आम्ही गावी गेलो, तेव्हा भावोजींनी सुपारी कातरत विषय काढला. "घालतंय मी गाऱ्हाणा. पण मागल्या दोन खोल्यो माझ्या झिलाक सोडा."

त्यांच्या मुलासाठी मागितलेल्या त्या खोल्यांचा एकेक चिरा माझ्या डब्यांच्या पैशांवर चढला होता. मी तिथल्या तिथे असा आवाज चढवला की शेजारचे अंगणात जमले. रात्री नवरा म्हणाला, "दे ना सोडून. आपण कुठे राहतो तिथे?"

"अहो, तुमच्या भावाने माझं तोंड बांधलंय, आणि सोडायला घर मागतोय!"

"मग खा गुपचूप. मुंबईत कोण बघतंय?"

ते मला जमणारं नव्हतं. देवावर माझी फार श्रद्धा होती असं नाही, पण मुलगा नुसता खोकला तरी मला नवस आठवायचा आणि मी त्याच्या कपाळाला हात लावून बघायचे.

पुढच्या हिवाळ्यात भावोजी डोळे दाखवायला मुंबईत आले आणि आमच्याकडे उतरले. मी मनाशी ठरवलं. ज्याला गरज दिसते त्याला भाव चढा लागतो, हे मला बाजाराने शिकवलंय. त्यांच्या ताटात तळलेली सुरमई वाढली आणि माझं भरलेलं ताट घेऊन समोर बसले. ते माझ्याकडे बघत राहिले. गाल भरले होते, केस परत आले होते.

"काय गे, सुटाचा नाय काय नवसातसून?"

"कशाला? झकास चाललंय माझं. माझ्यासाठी खोल्या कुणी सोडू नयेत."

बाजारात अशी पाठ फिरवली की चार पावलांत मागून हाक येते. 'या ताई, घ्या तुमच्या भावाने.' मी सोलकढीची वाटी तोंडाला लावली आणि वाट पाहत राहिले.

भावोजींनी सुरमईचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. "बरा तर. रवांदे मगे नवस तसोच," म्हणाले आणि हात धुवायला उठले.

खोल्यांचा विषय त्यांनी परत काढला नाही. खोल्या आमच्या राहिल्या, कुलपाची किल्ली माझ्याकडे आहे. दर मे महिन्यात ते अंगणात बसून विचारतात, "बरा मा गे?" मी म्हणते, "एकदम झकास." एवढं बोलून बसल्यावर आता गाऱ्हाणं घाला म्हणून कुठल्या तोंडाने सांगू? त्यांनाही ते ठाऊक आहे. मग ते आत ओरडून सांगतात, "हिका मासो वाढू नकात रे!" आणि सुपारी कातरायला लागतात.