मामांच्या सीटचं साउंड

सासऱ्यांना आम्ही दोघं जावई मामाच म्हणतो. मी थोरला, माझा साडू धाकटा. मला वडील नाहीत, कॉलेजात असतानाच गेले. म्हणून लग्नानंतर मामा पहिल्यांदा माझ्या गाडीत माझ्या शेजारी बसले आणि मी क्लच सोडताना "दमानं, पावणं" म्हणाले, तेव्हा मला जे बरं वाटलं ते मी अजून बायकोलाही सांगितलेलं नाही. तेव्हापासून दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला दत्ताच्या दर्शनाला जायचं आणि पुढच्या डाव्या सीटवर मामांनी बसायचं, हे ठरलेलं. अकरा वर्षं. त्या सीटवर बायको बसली तरी मला चुकल्यासारखं व्हायचं.

साडू वारणानगरला असतो. टायरचं दुकान आहे, जोरात चालतंय. चालू दे, माझं काय जातंय? दोनेक वर्षांपासून तोही पौर्णिमेला येऊ लागला. पोरं मोठी झाली, एका गाडीत मावेनात, म्हणून दोन गाड्या निघायच्या. पण मामा माझ्याच गाडीत. थोरल्या जावयाचा मान आहे तो, त्यात विचारायचं काय?

आणि एका पौर्णिमेला सासरवाडीच्या दारात मी डावं दार उघडून उभा होतो, तर मामा माझ्यासमोरनं सरळ चालत गेले आणि साडूच्या गाडीत जाऊन बसले. मी दार धरून तसाच उभा. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "मी बसू का तिथं?" बसा की, म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

वाडीत पोचल्यावर मला कारण कळलं. साडूच्या गाडीतनं सगळी उतरली, मामा उतरेनात. डोळे मिटून आत बसलेले, गुडघ्यावर बोटं चाललेली. मामांनी भजनी मंडळात आयुष्यभर तबला वाजवलाय, त्यांची बोटं उगाच चालत नाहीत. साडूनं गाडीत नवीन साउंड बसवून घेतलं होतं. कंपनीचं नव्हे, खास बनवून घेतलेलं. मामा मला म्हणाले, "आत बसून बगा की जरा, पावणं. मागचा तंबोरासुदिक ऐकू येतोय." साडू काही बोलला नाही, नुसता हसला. तो असा हसला की माझं डोकं फिरतं. काहीतरी बोलला असता तर उलट उत्तर तरी देता आलं असतं.

बसलो आत. ऐकलं. चांगलं होतं. आयला, फारच चांगलं होतं. गाणारा समोर बॉनेटवर मांडी घालून बसलाय असं वाटत होतं. मी बाहेर आलो आणि म्हणालो, "बेस जरा जास्त हाय."

त्या दिवशी वाडीची बासुंदी मला गोड लागली नाही. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "पोट दुखतंय का? ओवा देऊ?" मी म्हटलं, काय दुखत नाही. ती म्हणाली, "दुखतंय. पण ते ओव्यानं जायाचं न्हाय." बहिणीच्या नवऱ्याचा विषय निघाला की तिची जीभ अशी चालते. खरं तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि तो झालाय हे तिला दिसतंय याचा आणखी वेगळा राग.

दुसऱ्याच आठवड्यात उचगावला गेलो. तिथं गाड्यांचं साउंड बनवणारा एक मिस्त्री आहे, पत्र्याच्या शेडमध्ये एका वेळी एकच गाडी घेतो. त्याला म्हटलं, मला असं साउंड पायजे की शेजारच्या गाडीला कळलं पायजे. त्यानं मला वरनं खालपर्यंत बघितलं.

"आवाज पायजे का गाणं पायजे, साहेब? आवाज पायजे तर मिरवणुकीतला ट्रॅक्टर भाड्यानं घ्या. त्याला गाडी फाडाय कशाला पायजे?"

गाणं पायजे, म्हटलं. मग हळूच विचारलं, वारणानगरची एक पांढरी गाडी तुम्हीच केली का? व्हय म्हणाला. त्यात काय काय घातलंय? "एकाच्या गाडीतलं दुसऱ्याला सांगत न्हाय मी." सोयरिकीतलीच गाडी आहे म्हटलं, तर म्हणतो, "मग तर मुळीच न्हाय."

बरोबर दोन आठवडे माझी गाडी त्याच्याकडं होती. ऑफिस सुटलं की मी रोज उचगाव गाठायचो आणि स्टूल ओढून बसायचो. पहिल्या दिवशी बघतो तर चारही दारांची आतली कातडी काढलेली. नुसता पत्रा, त्यावर टिचकी मारली की डब्यासारखा वाजायचा. मिस्त्रीनं त्यावर डांबरासारख्या काळ्या शीटा चिकटवल्या, रुळानं दाबून दाबून. दुसऱ्या दिवशी टिचकी मारली तर ठप्प. "आदी गाडी गप बसाय शिकली पायजे," तो म्हणाला, "मग गाणं." डिकीत जाड आवाजाच्या वूफरसाठी लाकडी पेटी केली, आणि काचेच्या बाजूच्या खांबांत बारीक आवाजाचे चिमुकले स्पीकर बसवले. ते बसवताना त्यानं कोन चार वेळा बदलला. मी मधे मधे विचारायचो, हे वारणानगरच्या गाडीत आहे का? तो ऐकूच आलं नाही असं करायचा. एवढा कानाचा पक्का माणूस, पण माझा तेवढाच प्रश्न त्याला ऐकू यायचा नाही.

खर्च काय झाला ते विचारू नका. बायकोनं विचारलं होतं, तिलाही सांगितला नाही.

शेवटच्या दिवशी तो लॅपटॉप आणि एक बारका माईक घेऊन बसला. म्हणाला, "आता सांगा, कुणाच्या कानाला लावायचं?"

मला कळेना. मग त्यानं समजावलं. गाडीत कुठलाच माणूस मधोमध बसत नाही. एक स्पीकर कानाजवळ असतो, एक लांब. म्हणून जवळच्याचा आवाज किंचित थांबवून सोडायचा, म्हणजे सगळे आवाज एकदम पोचतात आणि गाणारा बरोबर समोर येतो. पण हे एकाच सीटला नीट जमतं. बाकीच्या सीटांनी मग चालवून घ्यायचं. माणसं स्वतःच्याच, म्हणजे ड्रायव्हरच्या सीटला लावून घेतात.

"डाव्या सीटला लावा," मी म्हटलं.

"तुमी चालवणार न्हाय?"

"मीच चालवणार. डावीकडं माझे सासरे बसणार."

तो माईक हातात धरून थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं आता कौतुक करतोय. तर म्हणाला, "तुमच्या सोयऱ्यांनी मदी लावून घेतलंय. सगळ्यास्नी थोडं थोडं." एवढंच काय ते त्या गाडीतलं त्यानं मला सांगितलं. मी लगेच म्हटलं, "म्हणजे कुणालाच नीट न्हाय!" आणि इतका आनंद झाला मला, म्हणून सांगू! जिंकलोच होतो मी.

सासऱ्यांना आणा, म्हणजे कानाची उंची घेता येईल, असं मिस्त्रीचं म्हणणं होतं. मला तर मामांना अचानक दाखवायचं होतं. मग मीच डावीकडं बसलो. मामा माझ्यापेक्षा चार बोटं बुटके, म्हणून जरा खाली सरकलो. पण मामा बसतात ताठ, म्हणून परत दोन बोटं वर आलो. मान उजवीकडं किंचित कललेली, कारण ते माझ्याशी बोलत असतात. तसाच तासभर अवघडून बसलो आणि मिस्त्री कानाशी माईक धरून सूं सूं आवाज सोडत राहिला. मान धरली माझी. पण त्यानं अभंग लावला आणि तंबोरा ऐकू आला. नुसता ऐकू नाही, तारा मोजता आल्या असत्या. मग मी उठून माझ्या जागी बसलो, तर सगळं गाणं एका बाजूला ओढल्यासारखं. गाणारा पार माझ्या उजव्या खिडकीत जाऊन बसलेला. हे असंच राहणार का, म्हटलं. "तुमीच मागितलंय की," मिस्त्री म्हणाला.

पुढच्या पौर्णिमेला मी अर्धा तास आधीच दारात जाऊन थांबलो. बायका, पोरं सगळी दाटीवाटीनं साडूच्या गाडीत बसली, माझ्या बायकोसकट. मामा पायऱ्या उतरले तसा मी पुढं झालो आणि त्यांच्या दंडाला धरलं. "मामा, आज हिकडं. एक दाखवायचंय तुम्हाला." त्यांनी एकदा त्या गाडीकडं बघितलं. मग बसले माझ्या शेजारी.

पंचगंगेचा पूल ओलांडेपर्यंत मी दम धरला. शिरोलीच्या पुढं रस्ता मोकळा मिळाल्यावर अभंग लावला. मामा पहिल्यांदा दचकले. मग त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं बोटं गुडघ्यावर आली. मी रस्त्याकडं कमी आणि त्या बोटांकडंच जास्त बघत होतो. माझ्या कानाला सगळं वाकडं ऐकू येत होतं, पण मला गाणं ऐकायचंच कुठं होतं! मामा म्हणाले, "वा!" मग जरा वेळानं परत, "वा, पावणं!"

तिथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, "धाकट्याच्या गाडीत असं येत न्हाय, मामा. त्याचं मदी लावलंय, मिस्त्रीच म्हणाला. नुसता दिखाऊपणा. त्याला गाण्यातलं काय कळतंय? मागल्या दिवाळीत बी बगा त्यानं..."

मामांनी डोळे उघडले. हात पुढं करून आवाज बारीक केला, मग बंदच केला.

"पावणं, राग मानू नका. खरं एक सांगतो."

सांगा की, म्हटलं.

"मी त्या गाडीत गाण्यासाठी बसलो न्हवतो. टेप असती नसती तरी बसलोच असतो. तुमच्या शेजारी बसलं की शिरोलीपासनं वाडीपत्तोर त्याचीच उणीदुणी. त्यानं काय घेतलं, तो काय बोलला, त्याचं पोरगं कशात कमी पडलं. अवो, तो बी माझा जावईच हाय की. पोरगी दिलीया त्याला. किती ऐकू मी?"

कान तापले माझे. शीटा मारलेल्या त्या गाडीत बाहेरचा आवाजही आत येत नव्हता. शांततेत मी काय विचारावं? खरंच सांगतो, माझी मलाच लाज वाटते.

"तो काय म्हणतो माझ्याबद्दल?"

मामांनी जरा आठवून बघितलं. माझ्यासाठी त्यांनी प्रामाणिकपणे आठवून बघितलं.

"काय न्हाय. तुमचा विषयच निघत न्हाय."

शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. इतकी वर्षं मी त्या माणसाशी मनातल्या मनात कुस्ती खेळतोय, आणि त्याला कुस्ती लागलीय याचा पत्ताच नाही!

माझं तोंड बघून मामांना वाईट वाटलं असावं. त्यांनी माझ्या दंडावर थोपटलं. "जाऊ द्या. बोला की दुसरं कायतरी."

मी तोंड उघडलं. हातकणंगले आलं, गेलं. पाऊसपाण्याचं काही बोलावं म्हटलं तर तेही जिभेवर येईना. ऑफिसचं आठवलं, तर त्यातही साडूच निघत होता. मामा मान माझ्याकडं किंचित कलवून वाट बघत होते. जयसिंगपूर मागं पडलं. मग त्यांनी स्वतःच हात पुढं केला आणि गाणं परत लावलं.