परिपत्रकाची मागची बाजू

परवा एका पुस्तकाच्या पाठीवर तिच्या हातचं लेबल दिसलं. परळच्या आमच्या कॉलेजात सहा महिन्यांसाठी परदेशातून आलेली ती मुलगी ग्रंथालयात हौसेनं लेबलं चिकटवायची, आकडेसुद्धा मराठीत काढायची. विदेशी विद्यार्थ्यांना कॅम्पसवर काम देऊ नये, असं परिपत्रक आलं आणि मीच तिला थांबवलं. "पैसे नको, मॅडम. संध्याकाळी रूमवर फार एकटं वाटतं," ती म्हणाली. मी म्हटलं, "नियम आहे गं." डिंकाची वाटी धुऊन ती गेली, आणि पंधरवड्यात कोर्स अर्धवट सोडून मायदेशी परतली. त्यानंतर परिपत्रक फाइलला लावताना मी ते पहिल्यांदा उलटून पाहिलं. मागे लिहिलं होतं, विनामोबदला कामास हरकत नाही. तिचा ईमेल माझ्याकडे आहे. अजून कळवलेलं नाही.