नावाड्याचा डबा

“राहू दे, पुढं लागेल.”

शेजारचे काका हे इतक्यांदा म्हणत, की गल्लीतल्या पोरांनी त्यांचं नावच राहूदेकाका पाडलं. छत्रीची मोडकी काडी असो, सुतळीचा तुकडा असो, दांडी नसलेला चष्मा असो, कुणी फेकायला निघालं की काका त्याच्या हातून ती वस्तू काढून घेत, खिडकीच्या उजेडात उलटीपालटी करून बघत आणि खिशात टाकत.

यात त्यांचा दोष नव्हता. जन्मभर त्यांनी कामच तसलं केलं. बस स्थानकाच्या मागच्या अंगाला, तिकीटखिडक्यांच्या पाठीशी, हरवलेल्या सामानाची खोली होती. गाड्यांमध्ये माणसं जे जे विसरून उतरत, ते ते तिथं येऊन पडे. छत्र्यांचा एक कोपरा होता, चष्म्यांचा खोका होता, एकेकट्या चपलांची एक फळी होती. काका सगळ्याला चिठ्ठ्या बांधून, धूळ पुसून ठेवत. फक्त जेवणाच्या भरल्या डब्याला थारा नव्हता. डबा आला की आधी उघडायचा, रिकामा करायचा, धुवायचा आणि मगच फळीवर ठेवायचा. अन्न कुणासाठी थांबत नाही, असं ते म्हणत.

अशाच एका गाडीतून एक पिशवी आली होती. तिच्यात जुना व्हिडिओ गेम होता, टीव्हीला जोडायचा, आणि एकच कॅसेट. ठरलेली मुदत उलटली, न्यायला कुणी आलं नाही, तेव्हा स्थानकाचे साहेब म्हणाले, “घेऊन जा घरी. नाहीतरी तुम्ही काही फेकायचे नाही.” काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. संध्याकाळ लांब असायची. काकांनी ती पिशवी घरी आणली आणि त्या दोन खोल्यांत हसण्याचा आवाज वाढला. भिंत एकच असल्यानं तो मला ऐकू यायचा.

खेळ होताच तसा. राजाची मिशी चोरीला जाते. ती शोधायला कुणी शूर सरदार निघत नाही. निघतो एक पोस्टमन, कारण बाकी सगळे जेवून आडवे झालेले असतात. त्याच्या हातात तलवार नाही, छत्री. सोबतीला एक म्हातारा घोडा, जो कुणाला पाठीवर बसू देत नाही, उलट चढ लागला की पोस्टमनच्याच खांद्यावर मान टाकतो. आणि एक दातांची डॉक्टरीण, जी शत्रू दिसला की त्याला आधी आ करायला लावते. शत्रू तरी कसले? रुसलेली टपालपेटी. ओला टॉवेल. स्वतःला फार शहाणा समजणारा भोपळा. आणि हरलेला शत्रू मरत नाही. तो अंग झटकतो, घड्याळ बघतो आणि म्हणतो, “बरं, निघतो. घरी वाट बघत असतील.” मग पडद्याच्या कडेनं हळूहळू चालत दिसेनासा होतो.

मी पुष्कळ गोष्टी ऐकल्या, पुष्कळ सांगितल्या. हरलेल्याला घरी जायला मिळतं, अशी गोष्ट ती एकच.

खेळातली भाषा परकी होती. काका ती अडखळत वाचत आणि काकूंना आपल्या बोलीत करून सांगत. टपालपेटीला त्यांनी साहेबांचा नाकातला आवाज दिला होता. घोड्याचं तर नावच काकूंनी साहेब ठेवलं. “साहेब दमले वाटतं,” त्या म्हणायच्या, आणि भिंतीपलीकडे मी एकटाच हसायचो.

आता डब्याचं सांगतो. खेळात एक नदी लागते. तिथला नावाडी यांना पलीकडे नेतो, काठाला नाव लावतो, आणि दोर बांधायच्या आधी हातातला एक डबा पोस्टमनच्या हातात देतो. “हे जरा धर,” एवढंच. मग तो पाठ फिरवून दोराशी झटत बसतो आणि पोस्टमन पुढच्या वाटेला लागतो. डबा झोळीत जाऊन पडतो. त्याच्यासमोर लिहून येतं, की हा एकदाच उघडता येईल.

झालं. एकदाच म्हटल्यावर काकांची बोटं आखडली. मोठा शत्रू शेवटी येणार, तेव्हा हाच कामी येईल, असा त्यांचा हिशेब. मलमं, शिट्ट्या, जादूची बिस्किटं, काही म्हणून त्यांनी वापरलं नाही. झोळी ठासून भरली. घोडा लंगडत चालला तरी मलम झोळीतच.

“अहो, उघडा की तो डबा. काय आहे बघू तरी.”

“राहू दे, पुढं लागेल.”

“कामावर आलेला डबा आधी उघडता, आणि हा नाही?”

“तो दुसऱ्याचा असतो,” काका म्हणायचे. “हा आपला आहे.”

अशी वर्षं गेली. खेळ कधीच संपला नाही, कारण काकांना तो संपवायचाही नव्हता. तोही त्यांनी पुढं लागेल म्हणून ठेवला होता.

मग काकूंचं विसरणं सुरू झालं. आधी चहात साखर दोनदा पडू लागली, तेव्हा आम्ही हसलो. मग एकदा त्या भाजी आणायला गेल्या आणि परत येताना आपला जिना ओळखेना, म्हणून समोरच्या शिंप्याच्या पायरीवर पिशवी मांडीत घेऊन दुपारभर बसून राहिल्या. आणि एका संध्याकाळी काका कामावरून आले, तर दाराला आतून कडी.

“कोण पाहिजे?”

“अगं, मी.”

“घरात पुरुष माणूस नाही. नंतर या.”

काका जिन्यावर उभे. माझ्याकडे बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. घसा साफ केला, आणि दाराला तोंड लावून टपालपेटीच्या आवाजात नाकातून म्हणाले, “पत्रं टाकून टाकून माझं पोट दुखतंय. कुणी विचारतं का?” आतून खुदकन हसू. मग कडी निघाली.

त्या दिवसापासून खेळ हा खेळ राहिला नाही. काका नोकरीतून मुदतीआधीच मोकळे झाले. घरात वावरणारा तो माणूस काकूंना परका वाटायचा. तो भांडी घासताना त्या कोपऱ्यात उभ्या राहायच्या, तो जवळ आला की पदर सावरायच्या. पण टीव्ही लागला आणि घोडा दिसला, की त्या येऊन त्याच माणसाच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून बसायच्या आणि विचारायच्या, “त्या डब्यात काय आहे हो?”

“नवऱ्याला विसरली, डब्याला नाही,” काका जिन्यात मला म्हणाले. “भाग्यवान डबा.”

त्यातच कॅसेट बिघडली. रेडिओ दुरुस्तीवाल्यानं ती खोलून दाखवली. तिच्या पोटात बटणाएवढा सेल असतो, झाला तेवढा खेळ त्याच्या जोरावर लक्षात राहतो. “सेल संपत आलाय काका, आणि बदलायला काढला तरी आतलं पुसणार. यंत्र चालू आहे तोवर ठीक. बंद केलं की पाटी कोरी.” तेव्हा काकांनी यंत्र बंद करणंच सोडलं. दिवसरात्र ते चालू. पंख्यानं त्याला वारा घालायचे. बटणावर चिकटपट्टी लावली. दिवे मिणमिणले की त्यांचा चेहरा जात्यात खडा अडकावा तसा थांबायचा.

मी म्हणालो, “काका, आता उघडून टाका डबा. कशाची वाट बघताय?”

“तिचा एखादा चांगला दिवस येऊ दे,” ते म्हणाले. “मला ओळखेल, त्या दिवशी उघडू. दोघं मिळून बघू.” आणि थोड्या वेळानं, आपल्याशीच, “राहू दे. लागेल.”

चांगला दिवस आला नाही. आली ती काकूंची धाकटी बहीण. काकूंच्या डोक्यात जुनं घर शाबूत होतं, त्यामुळे धाकटीला त्या लगेच ओळखत. दोघी गळ्यात पडल्या. काका कपात चहा ओतत राहिले, कप भरून सांडला तरी.

नंतर धाकटी जिन्यात येऊन हलक्या आवाजात म्हणाली, “भाऊजी, राग मानू नका. ताई मला फोनवर काय म्हणाली माहीत आहे? हा माणूस दिवे लागले तरी आपल्या घरी का जात नाही, म्हणाली. माझ्या घरात सून आहे, पोरी आहेत. तिथं ती घाबरणार नाही. गाडी सांगितलीय, उद्या दुपार कलायच्या आत निघू.”

“मी येऊ का बरोबर?”

धाकटी पदराच्या टोकाला पीळ घालत राहिली. काकांनीच मान हलवली. “बरोबर आहे. मग काय उपयोग.”

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसले. आज उघडणार होते. काकू न्हाऊन येईपर्यंतच थांबायचं होतं. तेवढ्यात आतल्या खोलीत धाकटीनं ताईचे कपडे चुरगळलेले पाहून इस्त्री लावली. ठिणगी झाली आणि घर बंद पडलं. फ्यूज उडाला.

धाकटीला कळलंच नाही काय झालं ते. मी धावत जाऊन तार घातली. दिवे आले, टीव्ही आला, पडद्यावर राजा झोपलेला. खाली एकच ओळ, तुमचं नाव काय?

“भाऊजी, माझ्यामुळे काही…”

“नाही, नाही. कपड्याला इस्त्री हवीच,” काका म्हणाले. ते पडद्यासमोर बसले होते आणि त्यांचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते. शेतात उभं पीक आडवं झालेलं बघावं तसं मला झालं.

“नावाड्यापर्यंत किती लांब आहे?” मी विचारलं.

“पहिल्यांदा आम्हाला अख्खा पावसाळा लागला होता.”

“आता वाट माहीत आहे ना?”

काकांनी रिमोट उचलला.

तो माणूस त्या दिवशी असा खेळला, की मी त्याला ओळखलं नाही. मलम मिळालं की घोड्याला फासलं. शिट्टी मिळाली की वाजवली. बिस्किटं मुठीमुठीनं उधळली. जिथं पूर्वी ते दारोदार थांबून चौकशा करत, तिथून ते आता मान खाली घालून पळत होते. कपाळाचा घाम डोळ्यांत उतरत होता, पुसायला हात रिकामा नव्हता. काकू केस विंचरून आल्या, शेजारी बसल्या. “साहेब लंगडतायत,” त्या म्हणाल्या.

“मलम लावलं.”

“सगळं लावलंत?”

“सगळं.”

“उधळे आहात हो तुम्ही,” काकू म्हणाल्या. उभ्या जन्मात काकांना हे कुणी म्हटलं नव्हतं.

खाली गाडीचा भोंगा वाजला. धाकटी ट्रंक घेऊन दारात आली. “भाऊजी.”

“भोपळा आहे. एवढा भोपळा जाऊ दे.”

“भाऊजी, ड्रायव्हर ओरडतोय.”

“भोपळ्यापुढं नदीच आहे गं.” काकांनी पडद्यावरून नजर काढली नाही. धाकटी ट्रंकेवरच बसली. भोपळ्यानं दोनदा पोस्टमनला लोळवलं. तिसऱ्यांदा डॉक्टरीणबाईंनी त्याला आ करायला लावलं, तेव्हा कुठं त्यानं घड्याळ बघितलं. बरं, निघतो. घरी वाट बघत असतील.

नदी आली. नावाड्यानं पलीकडे सोडलं, डबा हातात दिला, हे जरा धर म्हणाला आणि दोराकडे वळला. काकांनी अंगठा बटणावर ठेवला. “बघ हं,” ते म्हणाले. “तुला बघायचा होता ना.” आणि त्यांनी डबा उघडला.

अक्षरं एकेक करून उमटली. काका वाचत गेले. “नावाड्याचं… जेवण. अजून… गरम आहे.” आणि मागून नावाडी ओरडला, अहो पोस्टमन, माझा डबा. दोर बांधेपर्यंत धरायला दिला होता.

एवढी वर्षं, जन्मभर दुसऱ्यांचे डबे धुऊन ठेवणाऱ्या माणसानं एका नावाड्याचं जेवण झोळीत घालून फिरवलं होतं.

मग काकू हसल्या. पोटातून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, पूर्वी भिंतीपलीकडून ऐकू यायच्या तशा. काकांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या आशेनं कुणी कुणाकडे बघितलेलं मला आठवत नाही.

काकूंनी डोळे पुसले आणि त्यांच्या हातावर हात ठेवला. “बिचारा उपाशी असेल. देऊन टाका त्याचं त्याला.” मग दारातली ट्रंक पाहून त्या थोड्या सावध झाल्या, हात मागं घेतला, आणि सोज्वळपणे म्हणाल्या, “आणि तुम्हीही जा आता. फार वेळ बसलात माझ्यासाठी. तुमची बायको जेवायची थांबली असेल.”

काका बसूनच होते. धाकटीनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं, आता हे काहीतरी बोलतील, नाव सांगतील, लग्नाचा फोटो उतरवून आणतील. त्यांनी रिमोट खाली ठेवला. यंत्राच्या बटणावरची चिकटपट्टी नखानं सोलली आणि खेळ बंद केला. मग उभं राहून सदरा झटकला, मनगटाकडे पाहिलं. मनगटावर घड्याळ नव्हतं.

“बरं, निघतो,” ते म्हणाले, “घरी वाट बघत असतील.”

काकूंना ते ऐकून पुन्हा हसू फुटलं. “अय्या. भोपळ्यासारखे बोलता.”

ते आपल्याच दारात चप्पल घालून आपलाच जिना उतरले. खाली गाडीच्या बाजूनं गेले, शिंप्याच्या पायरीवरून गेले, रस्त्याच्या कडेकडेनं, हळूहळू, हात मागं बांधून. कुठं चालले होते कुणास ठाऊक. त्यांना जायला दुसरं घर नव्हतं. एकदाही त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. खिडकीत काकू उभ्या होत्या, ओल्या केसांनी, पाहुण्याला निरोप द्यावा तसा हात हलवत. त्यांच्या मागं धाकटी, आणि तिच्या मागं मी. वळणापर्यंत ते दिसत होते.