चौदा निकष आणि एक टायपिस्ट

घरात कॉम्प्युटर आला की त्याच्याबरोबर एक जाडजूड मॅन्युअल येतं, दोन प्लास्टिकची कव्हरं येतात आणि किस्से येतात. मॅन्युअल हरवतं, कव्हरं पिवळी पडतात, किस्से मात्र दर पाहुण्यागणिक वाढत जातात. आमच्याकडचे बहुतेक माझ्यावरच आहेत. तेव्हा ते मीच सांगितलेले बरे, असं मला वाटतं. अर्थात याबद्दलही माझी पूर्ण खात्री नाही.

आधी माणसं सांगतो. मी संख्याशास्त्राचा प्राध्यापक, डॉक्टरेटवाला. निवृत्तीनंतर नेरूळला फ्लॅट घेतला. माझी बायको शालन एका सरकारी कचेरीत एकतीस वर्षं मराठी टायपिस्ट होती. नोकरी संपल्यावर तिने टाइपरायटर गॅलरीत मांडला आणि लोकांचे अर्ज टाइप करून द्यायला लागली. प्लॉटचे, रेशनकार्डाचे, नळाच्या जोडणीचे. सारसोळ्याच्या कोळणी, मार्केटातले माथाडी, सोसायटीचा सेक्रेटरी, सगळे तिला 'टायपिंगबाई' म्हणत. मला 'टायपिंगबाईंचे मिस्टर'.

तिचा टाइपरायटर म्हातारा झाला. 'र'ची काडी वर जायची ती तिथेच राहायची. शालन ती बोटाने खाली आणायची आणि पुढे जायची. मेकॅनिक म्हणाला, "बाई, पार्ट येणं बंद झालं. चालतोय तोवर चालवा." आमचा मुलगा मिलिंद पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात इंजिनियर आहे. तो म्हणाला, "आई, टेन्शन नको घेऊ. घरी कॉम्प्युटर घेऊ. तुझं काम एकदम इझी."

म्हणजे कॉम्प्युटर आला तो शालनसाठी. हे इथे लिहून ठेवतो, कारण पुढच्या आठ महिन्यांत ते आम्हा दोघा पुरुषांच्या लक्षात राहिलं नाही.

०

कॉम्प्युटर आला, पण नुसता. त्यात मराठी लिहायचं तर त्यासाठी निराळं सॉफ्टवेअर लागतं, हे तो आल्यावर कळलं. बाजारात तीन होती. मिलिंद म्हणाला, "बाबा, हे सिलेक्शन तुम्ही करा. तुम्ही पीएच.डी."

मी अंदाजपंचे काम करत नाही. बावीस प्रश्नांची प्रश्नावली तयार केली आणि इमारतीत सात जणांकडून भरून घेतली. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनियरांनी काळ्या पडद्याचं सॉफ्टवेअर सुचवलं, कारण त्याला माउस लागत नाही. पहिल्या मजल्यावरच्या मुख्याध्यापकांनी खिडक्यांवालं सुचवलं, कारण त्यात फुलं काढता येतात. एका बाईंनी बाविसच्या बावीस उत्तरं वॉशिंग मशीनबद्दल दिली होती आणि ती सविस्तर होती.

उरलेल्या चौघांनी सगळीकडे 'माहीत नाही'वर खूण केली होती. त्या चौघांतला एक मीच होतो.

शालनला प्रश्नावली दिली नव्हती. घरातली व्यक्ती नमुन्यात घेतली तर निष्कर्ष एका बाजूला झुकतो.

०

वाशीच्या एका दुकानात तिन्ही सॉफ्टवेअर बघायला मिळत. दुकानदार घाडगे, साताऱ्याकडचा, तिशीतला, अतिशय सोशिक. पहिल्या दिवशी मी त्याला दीड तास प्रश्न विचारले.

"यात चूक झाली तर?"

"अनडू करायचं, सर."

"आणि ते अनडू चुकून झालं तर?"

"ते पण अनडू होतं."

"म्हणजे शेवटी खरं काय राहतं?"

घाडगेने चहा मागवला.

शालन तोवर मागे स्टुलावर बसली होती. तिने एकच प्रश्न विचारला. "याचा कीबोर्ड कसा आहे?"

घाडगे तोंड उघडणार एवढ्यात मी म्हणालो, "अगं, कीबोर्ड हार्डवेअरमध्ये येतो. आपण सॉफ्टवेअर बघायला आलोय."

ती गप्प बसली. घाडगेही. मला वाटलं, दोघांना पटलं.

०

पहिल्या सॉफ्टवेअरची ट्रायल कॉपी मिलिंदने घरी आणून चढवली. रविवार होता. त्याने आम्हाला पुढ्यात बसवलं आणि दोन बोटांनी टाइप करून दाखवलं. इंग्रजी के दाबला की क उमटायचा, एम दाबला की म.

"बघ आई, किती सोपं. ज्याला टायपिंग येत नाही त्यालासुद्धा येतं."

शालन म्हणाली, "आणि ज्याला येतं त्याला?"

मिलिंद म्हणाला, "तू पण शिकशीलच की."

मग ती बसली. पाठ ताठ, मनगटं वर, नजर डाव्या हाताच्या कागदावर. कचेरीत असताना तिने कधी बोटांकडे पाहिलं नव्हतं. मराठी टाइपरायटरवर प्रत्येक अक्षराची जागा ठरलेली असते आणि ती जागा तिच्या बोटांना पाठ होती. एका दमात तिने तीन ओळी मारल्या.

पडद्यावर जे उमटलं होतं ते कुठल्याच भाषेत नव्हतं.

मिलिंद हसला. मग शालनही थोडं हसली. मी म्हणालो, "अगं, स्क्रीनकडे बघून सावकाश एकेक अक्षर शोध."

"शोधायचंच असतं तर लोक माझ्याकडे कशाला आले असते?" ती म्हणाली आणि कुकर लावायला उठली.

तिने काय सांगितलं ते मला त्या दिवशी कळायला हवं होतं. मला कळलं ते इतकंच, की ट्रायलसाठी एक सॉफ्टवेअर अपुरं आहे.

०

मग मी तक्ता केला. आलेखाच्या कागदावर, तीन सॉफ्टवेअर आणि चौदा निकष. अक्षरांची सुबकता, छपाईचा वेग, मदतपुस्तिकेची भाषा, भविष्यातली उपयुक्तता वगैरे. प्रत्येक निकषाला वजन दिलं. बेरीज आली एकाहत्तर, एकाहत्तर आणि सत्तर.

वजनं बदलून पाहिली. सत्तर, एकाहत्तर, एकाहत्तर.

"बाबा, टॉस करा," मिलिंद म्हणाला.

"एका टॉसवरून काहीही सिद्ध होत नाही."

शालनने हात पुसत पुसत उभ्यानेच तक्ता वाचला. वरपासून खालपर्यंत. मग विचारलं, "यात टाइप कोण करणार, तो रकाना दिसत नाही."

"तो तिन्हींना सारखाच आहे. टाइप तूच करणार. जे सगळीकडे सारखं असतं त्याचा निकालावर परिणाम होत नाही, म्हणून ते गाळतात."

"गाळतात होय," ती म्हणाली.

चाळीस वर्षं मी हे मुलांना शिकवलं. गणित बरोबरच आहे. तरी त्या रात्री मी तक्ता दोनदा तपासला; काहीतरी सुटल्यासारखं वाटत होतं. सापडलं नाही.

०

दरम्यान टाइपरायटरची 'र'ची काडी तुटली. अर्जांत 'र' हाताने, पेनने भरायची पाळी आली. लोक येईनासे झाले. बेलापूरला कोर्टाजवळ एक नवा टायपिस्ट बसायला लागला होता, ते तिकडे वळले. सकाळी गॅलरीत पाच-सहा माणसं असायची, तिथे एखाद-दुसरं दिसू लागलं. शालन दुपारी झोपायला लागली. ती कधीच दुपारी झोपत नसे.

मिलिंदला वाईट वाटलं. आईला सरप्राइज म्हणून त्याने टाइपरायटर पावण्याला ओळखीच्या वर्कशॉपमध्ये नेला. तिथला कारागीर हुशार होता. जहाजाचा पंपसुद्धा खोलून जोडतो, असं मिलिंद सांगत होता.

त्याने टाइपरायटर खोलला.

आठ दिवसांनी मिलिंद घरी आला तो हातात तेलाचा पंधरा किलोचा डबा घेऊन. डबा खाली ठेवला तसा खळखळला.

"सगळे पार्ट आहेत आई. एकही हरवलेला नाही."

शालनने डब्यात डोकावून पाहिलं. "आणि जोडणारा?"

"तो म्हणाला, याचं मॅन्युअल आणा."

०

पुढच्या शुक्रवारी सारसोळ्याच्या जनाबाई आल्या. सत्तरीच्या, कपाळावर मोठं कुंकू, काखेत पिशवी. त्यांची शेतजमीन शहरात गेली होती. बदल्यात मिळायच्या प्लॉटचा अर्ज एकदा फेटाळला गेला होता. आता दुसरा द्यायचा होता आणि सोमवार शेवटचा दिवस होता.

"बाय, तुझी मशीन कुठं हाय?"

शालनने डबा दाखवला.

जनाबाईंनी डब्यात वाकून पाहिलं. मग कॉम्प्युटरकडे बोट केलं. "मंग यावर कर."

"यावर मला येत नाही, जनाबाई."

हे वाक्य मी आतल्या खोलीतून ऐकलं. शालनच्या तोंडून 'मला येत नाही' मी लग्नानंतर कधी ऐकलं नव्हतं. ते वाक्य आमच्या घरात माझं होतं.

मी बाहेर येऊन म्हणालो, "बेलापूरला कोर्टाजवळ एक जण बसतो. मी तुम्हाला रिक्षाने घेऊन जातो."

"त्यानंच मागचा केलेला. सासऱ्याचा नाव चुकवलान," जनाबाई म्हणाल्या. "माझी बाय चुकत नाय." कागदांची पिशवी शालनच्या मांडीवर ठेवून त्या निघून गेल्या. होय-नाही ऐकायला थांबल्याच नाहीत.

शनिवारभर शालनने तो अर्ज हाताने लिहून काढला, दोन पानं. अक्षर तिचं सुरेख. पण पिशवीतल्या कचेरीच्या पत्राखालच्या टिपेत छापलं होतं, 'हस्तलिखित अर्ज स्वीकारले जाणार नाहीत.'

०

रविवारी सकाळी ती साडी बदलून उभी होती. पर्समध्ये अर्ज आणि एक नॅपकिन.

"चला, वाशीला."

"अगं, पण अजून माझा निर्णय झालेला नाही."

"निर्णय राहू दे. मला टाइप करायचंय."

मिलिंदही आला. दुकानात तीन कॉम्प्युटरवर तीन सॉफ्टवेअर नेहमी चालू असायची. तक्त्यासह माझ्या फेऱ्यांना सरावलेला घाडगे मला बघून म्हणाला, "या सर. आज कुठला रकाना?"

शालन पहिल्या कॉम्प्युटरसमोर बसली. डाव्या बाजूला अर्ज ठेवला. दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले आणि मिलिंदला म्हणाली, "हातांवर नॅपकिन टाक." त्याने टाकला. कागदावरून नजर न हलवता तिने एक ओळ मारली. मग म्हणाली, "उचल."

पडद्यावर पुन्हा तीच अगम्य भाषा.

घाडगे पुढे झाला. "काकू, असं नाही. के फॉर क, एम फॉर म..."

"घाडगे, क कुठे असतो ते माझ्या बोटांना ठाऊक आहे. तुमच्या मशीनला ठाऊक नाही. तिला सांगता येतं का, तेवढं बघा."

घाडगेने डोकं खाजवलं. "म्हंजे तुमाला टाइपरायटरवालं पायजे?" त्याने दोन बटणं दाबली. पडद्यावर एक यादी उघडली, त्यातल्या खालून दुसऱ्या ओळीवर गेला, आणखी एक बटण दाबलं. "आता मारा."

"नॅपकिन," शालन म्हणाली.

आणि सुरू झाली. नॅपकिन उकळत्या भातावरच्या झाकणासारखा थरथरत होता. शेजारच्या कॉम्प्युटरवर गेम बघायला आलेले दोघे उठून मागे येऊन उभे राहिले. तिने पहिलं पान संपवलं, कागद उलटला, दुसरं संपवलं. मग हात मांडीवर घेतले.

मिलिंदने नॅपकिन उचलला. पूर्ण अर्ज समोर होता. जनाबाई, त्यांचे सासरे, सर्व्हे नंबर, सगळं जागच्या जागी. मिलिंद वाकून चूक शोधत होता. मग त्याने शोधणं सोडलं आणि आईच्या खांद्यावर हात ठेवला.

मी खिशातून तक्ता काढला. पेन उघडलं. "घाडगे, ही सोय तिन्हींपैकी कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये आहे?"

"तिन्हीत हाय की, सर."

"कधीपासून?"

"पयल्यापासनं. कुणी विचारलंच नाही."

शालनने माझ्याकडे पाहिलं. मी घाडगेकडे पाहिलं. घाडगेने चहाला माणूस पाठवला.

प्रिंटरमधून दोन पानं निघाली. शालनने ती वाचली, घडी न घालता पर्समध्ये सरकवली, नॅपकिन झटकला आणि उठली.

"मी जनाबाईंकडे जाऊन सही घेते," ती म्हणाली. "तुम्ही बसा. तिन्हींपैकी कुठलं घ्यायचं ते सावकाश ठरवा."