आतोबांची लाईन क्लिअर

माझ्या आतोबांच्या परवानगीशिवाय मळवलीत वारासुद्धा सुटत नाही, अशी खुद्द आतोबांची प्रामाणिक समजूत होती. आम्ही सगळे तिला हसत असू. पण एका ऑक्टोबरात असं काही घडलं, की दोन दिवस ती समजूत गावानेही मान्य केली, आणि मग मात्र आतोबांचीच बोबडी वळली.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सगळी हयात रेल्वेच्या लहान लहान स्टेशनांवर मास्तरकी करण्यात घालवून ते मळवलीला येऊन राहिले, तेही रुळांपासून हाकेच्या अंतरावर. चार भातखाचरं, एक म्हैस, कौलारू घर. मी तेव्हा लोणावळ्याच्या शाळेत शिकवत होते आणि आत्याकडेच राहत होते, त्यामुळे हे सगळं मी रोज जेवणाच्या पाटावरून पाहिलेलं आहे, ऐकीव काही नाही. नोकरी सुटली, पण नोकरीतला एक शब्द काही त्यांच्या तोंडून सुटला नाही. ‘लाईन क्लिअर’. पुढच्या स्टेशनाने ‘आमच्याकडची लाईन मोकळी आहे, पाठवा’ असं कळवल्याशिवाय इकडून गाडी सोडायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. रेल्वेत तो गाड्यांना लागू. आतोबांच्या घरात तो माणसांना, म्हशीला आणि आमटीच्या पातेल्यालाही लागू होता.

जेवायची वेळ झाली की ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहून विचारत, “लाईन क्लिअर?” आत्याने पळीने पातेल्यावर दोन ठोके दिले की आत येऊन पाटावर बसत. एकच ठोका पडला तर मुकाट्याने ओटीवर परत. एकदा आत्या कशावरून तरी फुगली होती, ती ठोकेच देईना. हा भला गृहस्थ अर्धा तास उंबऱ्यावर उभा! शेवटी मला बाई दया आली आणि मीच वाटीने ताटावर दोन ठोके वाजवले. आतोबा आत आले, पाटावर बसले, चित्राहुती घातली आणि मला म्हणाले, “मास्तरीणबाई, परक्या माणसाने ठोके देणं हा गुन्हा आहे. भूक लागलीय म्हणून रिपोर्ट करत नाही.” म्हैस गोठ्यातून बाहेर काढण्याआधी ते रस्त्यावर दोन्हीकडे बघून यायचे. इंद्रायणीच्या अरुंद पुलावर तर त्यांनी एकदा चक्क लग्नाची वरात अडवून धरली होती, कारण समोरून पेंढ्याची गाडी येत होती आणि ‘एका लाईनीवर दोन गाड्या’ त्यांना खपत नसत. नवरदेव घोड्यावर घामाघूम, वाजंत्री गप्प, आणि आतोबा मधोमध हात आडवा करून उभे. नवरीचा मामा ओरडला, “अवो आबा, मुहूर्त टळतोय!” आतोबा म्हणाले, “टळू दे. टक्कर टळली.”

पण त्यांचा खरा थाट दिसायचा तो कुणाला निरोप देताना. ओटीवरच्या खुंटीला दोन निशाणं गुंडाळून ठेवलेली असत, एक लाल, एक हिरवं. आत्या त्यांना ‘फडकी’ म्हणायची. पाहुणा निघाला की आतोबा आधी रस्ता बघत, मग आभाळ बघत, मग पाहुण्याच्या चपलेचा अंगठा धड आहे ना तेही बघत. त्याने ‘जातो’ म्हटलं तर ‘येतो म्हण’ असं दटावत, आणि मग पायरीवर ताठ उभे राहून हिरवं निशाण धरत. पाहुणा वळणाआड होईपर्यंत हात खाली येत नसे. बाहेरचे हसत. पण मी सांगते, ते निशाण पाठीशी असलं की लोणावळ्याच्या शाळेतल्या तपासणीचीसुद्धा भीती वाटत नसे.

तर अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीने, माझ्या कुसुमताईने, पुण्याच्या इस्पितळात नर्सचं शिक्षण पुरं केलं आणि बापाला न विचारता विलायतेतल्या नोकरीचा अर्ज भरला. नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा ते आतोबांच्याच हातात पडलं. झालं! ते ओरडले नाहीत, आदळआपट नाही. एवढंच म्हणाले, “न विचारता लाईनीत गाडी घातलीस. वर ती विमानाने! त्याला ना रूळ, ना सिग्नल, ना पुढचं स्टेशन. उठायचं आणि सुटायचं. मी लाईन क्लिअर देणार नाही.” कुसुमताई त्यांचीच मुलगी, तीही हट्टाला पेटली. महिनाभर घरात दोघं एकमेकांशी बोलत होती ती माझ्यामार्फत.

निघायचा दिवस आला. मी तिच्याबरोबर मुंबईपर्यंत जाणार होते. आत्याने तिच्या तळहातावर दही ठेवलं. कुसुमताई पायरी उतरली आणि तशीच उभी राहिली. का ते सगळ्यांना कळत होतं. आतोबा गोठ्यात म्हशीचं दावं बांधत होते, बांधलेलंच दावं पुन्हा बांधत होते. खुंटीवरचं निशाण खुंटीवरच राहिलं. स्टेशनात गाडी शिरल्याचा आवाज आला तेव्हा मीच तिच्या हाताला धरून ओढलं. गाडीत ती मागे, कामशेतच्या बाजूला तोंड करून बसली, ती लोणावळा येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सांताक्रूझच्या विमानतळावर पोचलो तर तिथे ही गर्दी! अरबी समुद्रात वादळ उठलं होतं आणि ते किनाऱ्याकडे येत होतं. फळ्यावर एकेका विमानापुढे खडूने ‘रद्द’ लिहीत होते. माणसं ट्रंकांवर बसलेली, मुलं रडतायत, एक शेठजी प्रत्येकाला ‘वादळ किती वाजता जाणार’ म्हणून विचारतायत, कुणी वादळाचं वेळापत्रक छापलं असल्यासारखं! ज्या विमानातून कुसुमताई जाणार होती ते पूर्वेकडून येऊन मुंबईवर तासभर घिरट्या घालत राहिलं, त्याला खाली उतरता येईना, आणि शेवटी त्याला नागपूरकडे पिटाळलं. “नवी वेळ तारेने कळवू,” असं सांगून आम्हाला वाटेला लावलं. मुंबईत आमचं होतं कोण? मिळेल त्या गाडीने, भिजून चिंब होत, दोघी मळवलीला परत.

घराशी मंजुळामावशी भेटली. डोंगराकडच्या वाडीवरून ती आत्याच्या शेतावर कामाला यायची, आणि आडवं झालेलं भात बघत डोक्यावर घोंगडीची खोळ घेऊन उभी होती. कुसुमताईला बघून तिने कपाळावर हात मारला. “ग माजे बाय! म्या म्हनलंच हुतं. आबांनी बावटा दावला न्हाई, मंग इमान हालंलच कसं?”

संध्याकाळपर्यंत ही बातमी गावभर. आतोबांना वरकरणी राग, पण आतून काय गुदगुल्या झाल्या म्हणता! वाण्याच्या दुकानात लोक त्यांना जागा करून देऊ लागले. एक जण म्हणाला, “आबा, तेवढं वादळाला लाल दावा की, भात लय झोडपलंय.” रात्रीच्या जेवणाला आतोबांनी एक भाकरी जास्त खाल्ली आणि भिंतीकडे बघत म्हणाले, “सांगा तिला, नियम तो नियम.”

सकाळी कुसुमताई आत्याला विमानतळावरची हकिगत सांगत होती. तासभर घिरट्या घालणाऱ्या विमानाची गोष्ट निघाली आणि ओटीवरून आतोबांचा आवाज आला, “म्हणजे स्टेशनाबाहेर, आउटर सिग्नलला उभं होतं?” महिन्याभरात तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

“उभं कसलं बाबा,” कुसुमताई म्हणाली. “त्याला उभं कुठे राहता येतं? फिरत होतं.”

“आत माणसं होती?”

“शंभरेक असतील.”

त्या दिवशी आत्याने दोन ठोके दिले, चार दिले, पळी वाकडी व्हायची वेळ आली, पण आतोबा उंबऱ्याशी आलेच नाहीत. मी ओटीवर गेले तर रेडिओला कान लावून बसलेले, हातात ते हिरवं निशाण. मला हळूच म्हणाले, “आउटरला थांबलेली गाडी निदान जमिनीवर असते गं. मी शंभर माणसं आभाळात अडकवून ठेवली.” मी म्हटलं, “आतोबा, काहीतरीच काय! वादळाने अडवलं विमान, तुम्ही नाही.” ते म्हणाले, “पोरीला अडवलं ते तर मीच ना?” मला रडूच आलं.

वादळ किनाऱ्याला न लागता वर सौराष्ट्राकडे वळलं आणि तार आली. आतोबांनी पेटीतून पितळी बटणांचा जुना काळा कोट काढला. तो पोटावर बसेना, तरी बसवला. छत्रीत हिरवं निशाण गुंडाळलं आणि कुणाला काही न सांगता आमच्याआधी स्टेशनावर जाऊन उभे राहिले.

विमानतळावर ते तडक खिडकीशी गेले. पलीकडे पांढऱ्या गणवेशातला एक तरुण अधिकारी होता, तीन दिवस न झोपल्यासारखे डोळे लाल. आतोबांनी विचारलं, “पुढच्या स्टेशनाची लाईन क्लिअर आलीय का?” मी मनात म्हटलं, धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. पण तो हसला नाही. त्याने कोटाकडे पाहिलं, बटणांकडे पाहिलं, समोरचा एक कागद उचलला आणि म्हणाला, “आली आहे. पुढचं स्टेशन कैरो. हवा साफ आहे, उतरायची परवानगी मिळालीय.”

“म्हणजे विमानालाही असते?”

“अहो आजोबा, त्याशिवाय आम्ही सोडू होय? माणसं असतात आत.”

आतोबांनी खिडकीतून हात घालून त्या पोराचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही. रांगेतले लोक वैतागले.

कुसुमताई हिरवं लुगडं नेसली होती. आम्ही वरच्या गॅलरीतून बघत होतो. ती विमानाच्या शिडीपर्यंत गेली, दोन पायऱ्या चढली आणि वळून उभी राहिली. मागची माणसं खोळंबली. आतोबांनी छत्रीतून निशाण काढलं, आधी दोन्हीकडे बघितलं, मग आभाळ बघितलं, आणि हात लांब करून हिरवं धरलं. एक शिपाई धावत आला, “ओ काका, हे काय स्टेशन आहे का?” “गप्प राहा,” आतोबा म्हणाले, “गाडी सुटतेय.” खाली कुसुमताईने पदराचं टोक हातात घेतलं आणि गार्ड धरतो तसं आडवं धरलं. विमान दिसेनासं झालं तरी आतोबांचा हात खाली येईना. मीच तो खाली घेतला.

त्यानंतर मळवलीवरून जाणारं एकही विमान आतोबांनी निशाणाशिवाय जाऊ दिलं नाही. मुंबईकडे जाणारं ते अप, पुण्याकडे जाणारं ते डाऊन. घास टाकून अंगणात धावायचे. “आलं यांचं फडकं,” आत्या म्हणायची. कुसुमताई तीन-चार वर्षांनी एकदा यायची, आणि जाताना पायरीवर तिला तिचं हिरवं मिळायचं.

आतोबा गेले तेव्हा तिला वेळेत पोचता आलं नाही. आली ती महिन्याने. परत निघायच्या दिवशी आत्याने तिच्या हातावर दही ठेवलं, ती पायरी उतरली आणि तशीच उभी राहिली. स्टेशनाकडून शिट्टी ऐकू आली. मी पुढे होणार, इतक्यात आत्या आत वळली, खुंटीवरून निशाण काढून आणलं आणि पायरीवर उभी राहिली. तिने आधी रस्ता बघितला, मग आभाळ बघितलं. मग हात लांब केला. इतक्या वर्षांच्या उन्हाने त्या कापडाचा रंग पार उडून गेला होता.

“आई,” कुसुमताई म्हणाली, “हे तर पांढरं झालंय गं.”

“निशाण आहे ते,” आत्या म्हणाली, “हिरवंच आहे. नीघ तू.”

कुसुमताई ‘येते’ म्हणाली आणि निघाली. ती वळणाआड होईपर्यंत आत्याने हात खाली घेतला नाही.