खंडेनवमीला काढलेली जाळी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळसुद्धा नाही — आणि तिला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तुम्हाला काहून सांगून राहिलो? माहीत नाही. थकलो बाप्पा, एवढंच.

जबलपूरला आम्ही दोघं लष्कराचा माल बनवणाऱ्या एकाच कारखान्यात. मी फिटर, वामनभाऊ लेथवर. दोघंही वर्ध्याकडचे, क्वार्टरही शेजारी. वामनभाऊ भारी सावध माणूस. कामावर आले की अंगठी खिशात, बाह्या कोपराच्या वर. दुसऱ्यालाही सोडायचे नाहीत — "अरे भैया, पहले घडी उतार!" आम्ही हसायचो त्यांना. हसायचो...

पासष्टची लढाई नुकतीच थांबली होती, कारखाना मात्र थांबला नव्हता. अशात खंडेनवमी आली. पूजेला बसवलेलं हत्यार आपण दसऱ्यापर्यंत हलवत नाही, तसंच आमच्या वर्कशॉपमध्येही. सकाळी मशीनला हळदकुंकू वाहायचं आणि दिवसभर बंद ठेवायचं. वामनभाऊंची लेथ पुसायचं काम माझ्याकडे होतं. हात आत जाऊ नये म्हणून गियरवर बसवलेली लोखंडी जाळी मी काढली, आतली तेलकट घाण पुसली. जाळी परत लावायला कितीसा वेळ लागतो? पण आरतीची घाई चालली होती, आणि मशीन आज चालणारच नव्हती ना! जाळीच्या जागी मी झेंडूचा हार बांधला. छान दिसत होता, मागचं उघडं गियर झाकूनच गेलं.

आरती झाली, आणि फोरमनसाहेब म्हणाले, माल अडून राहिला आहे, मशीनी चालू करा.

मी पलीकडच्या टोकाला प्रसाद वाटत होतो. लेथचा आवाज कानावर आला आणि आठवलं — जाळी! एक हाक मारायची होती. वामनभाऊ, बंद करा — बस. पण साहेब तिथंच उभे होते. चारचौघांत झापतील, म्हणून मी गप्प राहिलो. म्हटलं, साहेब जरा पुढे सरकू देत. कशासाठी? दोन शिव्या चुकवायला?

हार सुटून गियरकडे घसरला. देवाचा हार तो — वामनभाऊंचा हात आपसूक पुढे गेला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

चौकशीत विचारलं, जाळी कुणी काढली? मी म्हणालो, मी तर पुसून परत लावली होती. चक्क म्हणालो. वामनभाऊंना त्या सकाळचं धड काही आठवत नव्हतं. ते म्हणाले, "मग मीच काढली असन. श्रीधर खोटं नाही बोलणार."

मग रोज संध्याकाळी मी त्यांच्याकडे. हात कोमट पाण्यात धरायचा, उरलेली बोटं हळूहळू वाकवायची, कणकेचा गोळा दाबायला द्यायचा. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, मी म्हणायचो, अजून एकदा. वहिनी म्हणायच्या, "भाऊजी, सख्खा भाऊही इतकं नाही करत." आणि चहा द्यायच्या. मी तो प्यायचो.

हात पुष्कळ सुधारला. तांब्या उचलता यायला लागला, शर्टाची बटणं लावता यायला लागली. लेथ मात्र सुटली. साहेबांनी त्यांना नव्या भरतीला सांभाळून काम करायला शिकवण्यासाठी ठेवलं. दर तुकडीसमोर ते हात वर करायचे — "देखो, ये मेरी अपनी लापरवाही है. जाली निकाली, वापस लगाना भूल गया. तुम लोग ऐसा मत करना." रिटायर होईपर्यंत हेच. आणि मी? फिटर म्हणून कितीदा तरी त्यांच्याच बाजूला उभा असायचो, जाळी कशी लावायची ते पोरांना दाखवायला. तीच जाळी हातात धरून.

वामनभाऊ ते खरं मानूनच गेले. त्यांचा मुलगा अजून म्हणतो, बाबांच्या हातून आयुष्यात एकच चूक झाली.

नाही झाली. जाळी मी काढली होती.