दोन रोट्या, भाजी नाही

जालना जिल्ह्यातल्या तमाम जनतेस, विशेषतः भोकरदनपासून मंठ्यापर्यंतच्या सर्व ड्रायव्हर, क्लीनर आणि ढाबेमालकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखक, वय बावन्न, धंदा लोखंडी सळ्या वाहून नेण्याचा, याने यंदा जेवल्याबद्दल सरकारकडे सूट मागितली आहे. माणूस जेवला, ढेकर दिली आणि वर सरकारला म्हणाला, आता माझा कर कमी करा. ज्यांना हसायचं असेल त्यांनी इथेच हसून घ्यावं.

भानगड अशी झाली. तीन वर्षांपूर्वी आमच्या ट्रान्सपोर्टच्या मालकाने रोखीचा व्यवहार बंद केला. पगार, फेरीचं कमिशन, रस्त्यावरच्या जेवणाचा भत्ता, सगळं बँकेत यायला लागलं. त्यात भोकरदनला माझी दोन दुकानं भाड्याने दिलेली. झालं, कागदावर मी एकदम श्रीमंत झालो. अंगात तोच कॉलर विरलेला शर्ट, पण कर कापला जाऊ लागला. मालकाने मला जुन्या जालन्यातल्या एका कर सल्लागार बाईंकडे पाठवलं. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस. वयाने माझ्या लेकीएवढी पोरगी, पण फाइल उघडली की हेडमास्तर.

तिने मला समजावून सांगितलं की भत्त्यातले जेवढे पैसे रस्त्यावर खरंच जेवणावर जातात, तेवढ्यांवर कर लागत नाही. फक्त पुरावा पाहिजे.

"बिलं आणा, काका. बाकी माझ्यावर सोडा."

आता ढाब्यावर बिल मागणं म्हणजे न्हाव्याकडे कापलेल्या केसांची पावती मागण्यासारखं. वडीगोद्रीजवळच्या ढाबेवाल्याला मी एकदा गंमत म्हणून मागून पाहिलं, तर त्याने कोऱ्या चिठ्ठ्यांचं अख्खं पुस्तक माझ्यापुढे टाकलं. "घ्या मामा. आकडा तुमचा तुम्हीच टाका, मला कशाला त्रास?" आमच्यातले पुष्कळ जण तेच करतात. चिठ्ठीवर दोन-दोन पनीर आणि तीन-तीन लस्सी खाणारे ड्रायव्हर मी पाहिलेत. प्रत्यक्षात ते वडापाववर भागवतात.

माझी अडचण निराळी होती. मी ढाब्यावर जेवतच नव्हतो.

बायको डबा द्यायची. डबा म्हणजे एखादा डबा नव्हे, पाच-सहा डब्यांचं बिऱ्हाड. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, चार दिवस मऊ राहणाऱ्या. शेंगदाण्याची चटणी, खलबत्त्यात कुटलेली, तेल सुटलेली, ती दीड-दोन महिने टिकायची. लोणचं वेगळं, ठेचा वेगळा, कांदे फडक्यात बांधलेले. केबिनमध्ये चढताना मी ओरडायचो, "अगं, मी हैदराबादला चाललो, काशीला न्हाई!" ती खालूनच म्हणायची, "बाहेरचं खाऊन पोट बिघडून बसाल, अन् गाडी तिथंच उभी राहील. मंग मालक मलाच बोलंल." बाकीचे ड्रायव्हर ढाब्याच्या बाजेवर बसून मला चिडवायचे, "आला बघा, सैपाकघर घेऊन आला!" आणि पाच मिनिटांत माझीच चटणी संपवायचे.

म्हणून पहिल्या वर्षी ताईंनी "बिलं?" असं विचारल्यावर मी पिशवीतून रिकामा डबा काढून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि उभा राहून जाहीर केलं, "हे माझं बिल." ती हसून हसून पाणी प्यायली. आणि भत्त्यावरचा सगळा कर लावला. दुसऱ्या वर्षी तेच नाटक, तोच डबा, तोच कर. घरी जाऊन हे सगळं अभिनयासकट सांगितलं, तर बायकोने एकच विचारलं, "त्या ताईनं डबा उघडून तर न्हाई ना बघितला? घासलेला नव्हता तो."

यंदा मी गेलो तेव्हा पिशवीत चिठ्ठ्या होत्या. रबरबँड लावलेल्या, तारखेप्रमाणे. मी त्या टेबलावर अशा ओतल्या की शेजारच्या खुर्चीवरचा बियाण्यांचा दुकानदार वही सरकवून बघायला लागला.

"काका, सुधारलात की!" ताई म्हणाली. मग ती चिठ्ठ्या लावायला बसली आणि तिच्या कपाळावर आठी आली. "ऑगस्टपर्यंत एकही चिठ्ठी नाही. सप्टेंबरपासून रोज. असं कसं?"

"दाताच्या डॉक्टरनी सांगितलं, डब्यातलं चावू नका."

"काका."

"बरं, खरं सांगतो. एका ढाब्यावर माझा शाळेतला दोस्त भेटला. त्याचा धंदा चालंना, म्हणून मी..."

"चिठ्ठ्या बारा ढाब्यांच्या आहेत. बारा दोस्त भेटले?"

"वर्ग मोठा होता, ताई."

दुकानदार फिसकन हसला. ती हसली नाही. पेन खाली ठेवून म्हणाली, "हे बघा, उद्या विचारणा आली तर उत्तर मला द्यावं लागतं. दोन वर्षं शून्य, अन् मग अचानक रोजचा खर्च. कोणालाही वाटेल की कोरं पुस्तक आणून घरी बसून भरलं. कारण सांगणार नसाल तर मी ह्या लावणार नाही."

कारण सांगायला काय, चार शब्द लागतात. पण ते चार शब्द मी तोवर कोणाला सांगितलेच नव्हते. गावात सगळ्यांना माझ्या आधी कळलं होतं. मालकाला भावाने फोन केला, ड्रायव्हर लोकांना मालकाने सांगितलं, लेक तर जवळच होती. मी पोचलो तोवर सांगण्यासारखं कोणी उरलंच नव्हतं. लोक यायचे, बसायचे, मी मान हलवायचो. आणि तिसऱ्या महिन्यात पुन्हा लोकांना हसवायला लागलो.

मी चिठ्ठ्या परत पिशवीत भरायला हात पुढे केला. राहू द्या म्हणालो, भरतो कर, सवय आहे. पण तिने त्या सोडल्या नाहीत. ती एकेक वाचत होती.

"चहा. चहा, अर्धी दाल, एक रोटी. चहा. अर्धी शेवभाजी." तिने मान वर केली. "ह्या खोट्या नाहीत. खोट्या चिठ्ठीवर कोणी अर्धी प्लेट लिहीत नाही. काका, तुम्ही एवढंच जेवता?"

"वजन कमी करून राह्यलो."

तिने ते ऐकलंच नाही. ती सर्वांत खालच्या, पहिल्या चिठ्ठ्यांपर्यंत पोचली होती. "आणि इथं तर नुसत्या दोन रोट्या. भाजी नाही, दाल नाही. सहा दिवस तसंच. रोटी कशाबरोबर खाल्ली?"

"चटणीबरोबर."

"कुठली चटणी?"

"घरची."

"मग सातव्या दिवशी दाल का घेतली?"

"संपली चटणी."

"मग घरून परत आणायची ना!"

भावाचा फोन आला तेव्हा मी हैदराबादच्या अलीकडे सळ्या उतरवत होतो. "दादा, गाडी तिथंच लाव अन् भेटल त्या गाडीनं ये." घरी तिच्या डोक्यातली शीर फुटली, दुपारी, पाणी भरताना. मालकाने गाडी आणायला दुसरा माणूस पाठवला. मी कांदे घेऊन निघालेल्या एका ट्रकमधून आलो, डब्याची पिशवी मांडीवर घेऊन. त्या ड्रायव्हरने दोनदा विचारलं, "भाऊ, जेवून घ्या की, डबा हाये नं." मी नाही म्हणालो. काय म्हणून उघडला नाही, आजही सांगता येत नाही. तेराव्यानंतर उघडला तर दशम्यांवर हिरवी बुरशी. त्या मी गोठ्याच्या मागे पुरल्या, गायीलाही घातल्या नाहीत. चटणीचा डबा मात्र घट्ट बंद होता. ती चांगली होती. महिनाभराने कामावर गेलो तेव्हा तोच डबा बरोबर घेतला. ढाब्यावर बसायचो, दोन रोट्या मागवायचो आणि चमच्याच्या टोकावर मावेल एवढीच चटणी घ्यायचो. सहा दिवस पुरवली. सहाव्या दिवशी डब्यात गरम रोटी फिरवून तेल पुसून खाल्लं. वेटर म्हणाला, "मामा, भाजी आणू का?" मी म्हणालो, उद्यापासून.

यातलं काहीच मी ताईला सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "करणारी न्हाई राह्यली, ताई. जुलैमधी गेली ती."

पंखा फिरत होता. दुकानदाराने वही मिटली. ताई माझ्याकडे बघत होती, पण बोटं कॅल्क्युलेटरवर तशीच होती. आकडेमोडीचं डोकं ते. आधी बेरीज होते, माणूस मागून पोचतो. पोरगी मायाळू आहे, मला माहीत आहे. तिचे डोळे भरले होते, आणि त्या भरल्या डोळ्यांनीच तिच्या तोंडून निघून गेलं:

"अरे देवा, काका, म्हणजे काकू असत्या तर ही सूट तुम्हाला मिळालीच नसती की!"